सात विभक्त्या आणि पन्नास किलो

पोलंडला कामगार पाठवणारा गोंदियाचा एजंट म्हणाला, तिथली भाषा येत असेल तर नंबर लवकर लागतो. मी तेव्हा कुडव्यात राहायचो आणि राइस मिलमध्ये हमाली करायचो. पोलिश व्याकरणाचं पुस्तक मिळालं ते इंग्रजीवाल्यांसाठी लिहिलेलं, म्हणून आधी डिक्शनरी घेऊन इंग्रजीशी झगडलो. नामाला सात विभक्त्या आहेत म्हणून लेखक पानोपानी वाचकाची माफी मागत होता. त्याला आमची शाळा दाखवायला हवी होती. गुरुजींनी छडी घेऊन मराठीच्या आठ विभक्त्या पाठ करून घेतल्या होत्या. त्याच चालीवर मी पोलिश रूपं घोकायचो, पाठीवर पोतं असतानाही.

"काऊन बडबडून राहिला बे?" सोबतचे हमाल विचारायचे.

सहा महिन्यांनी एजंटच्या ऑफिसात व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि पोलिशमध्ये नाव, गाव सांगू लागलो. पडद्यावरचा कंपनीचा माणूस आपल्याकडचाच निघाला; त्याने हात वर करून मला थांबवलं.

"पचास किलो उठा लेते हो?"

मी हो म्हणालो.

"घूमके पीठ दिखाओ."

मी उठलो आणि कॅमेऱ्याकडे पाठ केली.