दोन्हीकडून शपथ

नेरूळला सारसोळे गावाच्या वाटेवर डॉक्टर अब्दुर्रहमान यांचा दवाखाना होता. माणूस उरणकडचा, कोकणी मुसलमान. गावाने त्यांचं लांबलचक नाव केव्हाच घासूनपुसून ‘रेमान डाक्टर’ असं सुटसुटीत करून टाकलं होतं. त्यांच्या हाताला गुण होता असं लोक म्हणत. खरा गुण होता जिभेला. रेमान डाक्टर खोटं फार सुरेख बोलायचे.

त्यात लबाडी नव्हती. समोरचं माणूस घाबरलेलं दिसलं की त्यांना राहवायचंच नाही. जुईनगरचे श्यामसुंदर बेलापूरला सरकारी कचेरीत होते. पोटात गॅस धरला की यांना हार्ट अटॅक. कार्डिओग्राम काढला, स्वच्छ निघाला, तरी टेन्शन जाईना. शेवटी डॉक्टरांनी साधी कॅल्शियमची गोळी मधोमध मोडली, पुडीत बांधली आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, “अर्धीच घ्यायची हं. अख्खी तुम्हाला झेपणार नाही.” श्यामसुंदर महिन्याभरात ठणठणीत झाले.

औषधाच्या खिडकीशी डॉक्टरांच्या पत्नी हलिमा बसायच्या. त्यांना हे पटत नसे.

“उद्या त्यांना कळलं तर?”

“तोवर बरे झालेले असतील की.”

“आणि तुमच्यावरचा विश्वास?”

“तो कशाला जातोय!” असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारायचे.

मग बाळाबाईचं प्रकरण आलं.

बाळाबाई सारसोळ्याची मासेवाली. आवाज असा, की ही बाजारात बसली की पलीकडच्या सेक्टरात पापलेटचा भाव कळावा. गालाच्या आत एक चट्टा उठला होता, भरत नव्हता. जन्मभर दातांना तंबाखूची मिश्री लावलेली. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात धाडलं. तिथल्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि तिच्या दोन्ही मुलांना बाजूला घेऊन सांगितलं: कॅन्सर आहे, सुरुवातीचा आहे, लवकर ऑपरेशन करा.

दोघं मुलगे तडक दवाखान्यात आले. थोरला गोटीराम, धाकटा देवजी.

“डाक्टर, आयला सांगू नका. ती खचंल,” गोटीराम रडवेला झाला होता. “माजे पोरीचा, जयमालाचा, लगीन होऊ दे. मंग बघू.”

“शप्पत घ्या,” देवजी म्हणाला.

डॉक्टरांनी गळ्याला हात लावला. “उष्णतेचं गळू आहे म्हणून सांगतो. चिंता नको.” हे त्यांच्या डाव्या हाताचं काम होतं.

दोन दिवसांनी बाळाबाई एकटी आली, दार लोटून समोर बसली.

“डाक्टर, मना कान्सर हाय ना?”

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. “कोण बोललं तुला मावशी?”

“कोनी नाय. गोटीराम रोज सफरचंदा घेऊन येतंय. जल्मान त्यानी मना कदी एक केला खावाला दिला नाय! न देवजी माज्याशी बोलत नव्हता, तो आता पाय चेपतंय. मी काय येरी हाय? न त्या हास्पिटलान बाकावरच्या बायांना इचारला, तुमाना काय झालंय. सगल्यांनी एकच नाव सांगितला.”

आयुष्यात पहिल्यांदा डॉक्टरांना थाप सुचेना.

“आता आयक,” बाळाबाई पुढे सरकली. “पोरांना सांगू नको मना म्हाईत हाय. लगनाचा मांडव मोरून टाकतील न रडत बसतील. जयमालाचे हलदीला मना नाचाचा हाय. मंग तुमी कापा काय कापाचा तो. घे शप्पत.”

डॉक्टरांनी पुन्हा गळ्याला हात लावला. दुसरं करणार काय?

तिथून गंमत सुरू झाली. बाळाबाईने आजाराचा असा फायदा उठवला की विचारू नका. सकाळी चिंबोरी हवी, संध्याकाळी नवा रंगीत टीव्ही हवा. भांडलेले भाऊ तिच्या शब्दासरशी एका ताटात जेवायला बसू लागले. ते हळूच डॉक्टरांकडे यायचे: “आयला काय संशय नाय ना?” ती मागाहून यायची: “पोरांना काय समाजला नाय ना?” डॉक्टर दोघांनाही सांगायचे, “छे छे!” आणि मनातल्या मनात हसायचे.

पण एकदा त्यांनी तिच्या गालात बॅटरीचा उजेड टाकला आणि त्यांचं हसू मावळलं. चट्टा वाढला होता. लग्न वैशाखात, अजून लांब. मुलगे आईसाठी थांबले होते, आई मुलांसाठी थांबली होती, आणि आजार कोणासाठीच थांबला नव्हता.

त्या दुपारी ते जेवले नाहीत. हलिमांना सगळं सांगून टाकलं.

“तोंड तिचं, जीव तिचा,” हलिमा म्हणाल्या. “पोरांनी शपथ घातली तेव्हाच म्हणायचं होतं, आधी तिला विचारतो. तुम्हाला लोकांशी गोड बोलायला आवडतं. त्यात तिचे दिवस वाया गेले.”

“पण आता शब्द दिलाय. दोन्हीकडे. एकाचा मोडला तर दुसऱ्याचाही मोडतो.”

“मग दोन्ही मोडा.”

डॉक्टरांना ते काही झेपेना. त्यांनी आपल्या स्वभावाला धरूनच वाट काढली. सोमवारी तिघांनाही एकाच वेळी बोलावलं, आत बसवलं आणि म्हणाले, “मावशी, पोरं तुझ्यापासून काहीतरी लपवतायत, विचार त्यांना. गोटीराम, तुझी आईपण लपवतेय, तिला विचार. मी कोणाला काही सांगितलेलं नाही. चहा पिऊन येतो.” आणि शटर अर्ध्यावर ओढून ते बाहेर सटकले.

आतून बाळाबाईचा तो बाजारी आवाज फुटला.

“तुमाना ठावं व्हता? न मी एकटी रडत व्हतू मोरीन जाऊन?”

“तुना ठावं व्हता, न टीवी घ्याला लावलास?” हा देवजी.

मग रडणं, मग कोणाच्या तरी पाठीत धपाटा, मग पुन्हा रडणं. शटरखालून वाकून बाळाबाई बाहेर आली आणि रस्त्यात उभं राहून तिने डॉक्टरांना त्या शिव्या घातल्या ज्या गावात फक्त नात्यातल्या माणसाला घालतात. “दोनी घरचा पावना! खोटारडा!” डॉक्टर चहाचा ग्लास धरून खाली मान घालून उभे राहिले.

बाहेरच्या बाकावर श्यामसुंदर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“डॉक्टर, माझी ती अर्धी गोळी?”

हलिमा खिडकीतून बघत होत्या. डॉक्टरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. “कॅल्शियम आहे. तुमच्या हृदयाला काही झालेलं नाही.”

“म्हणजे माझं दुखणं आता खरं सांगण्यापलीकडे गेलंय तर!” श्यामसुंदर कपाळाला हात लावून म्हणाले, आणि त्यांची समजूत घालता घालता डॉक्टरांचा घसा बसला.

सारसोळ्यात त्याच संध्याकाळी बैठक बसली. लग्न वैशाखाची वाट न बघता पुढच्याच आठवड्यात उरकायचं ठरलं. मुलाकडचेही समजूतदार निघाले. घाईत पत्रिका छापल्याच नाहीत, गोटीराम तोंडीच आमंत्रणं देत फिरला. हळदीला बाळाबाई गुडघे मोडेपर्यंत नाचली. डॉक्टरांनाही तिने ओढलं आणि ते फार वाईट नाचले.

ऑपरेशन झालं. गाल जरा आत गेला, बोलणं थोडं तिरकं झालं, आवाज मात्र तेवढाच राहिला. दवाखान्यात पुढे बरेच दिवस पेशंट विचारत, “खरं सांगताय की सारसोळ्यासारखं?” डॉक्टरांची त्यावर पंचाईत व्हायची. सवय अशी एका दिवसात सुटत नाही. घाबरलेला माणूस दिसला की जीभ वळवळायचीच. मग ते आधी विचारायचे, “तुम्हाला किती ऐकायचंय?” कोणी म्हणे सगळं, कोणी म्हणे माझ्या बायकोला सांगा. फार वेळ जायचा, बाहेर गर्दी कुरकुरायची.

पावसाळा सरल्यावर बाळाबाई तपासणीला आली. डॉक्टरांनी गाल नीट बघितला.

“परत येल का रे?”

‘छे छे’ अगदी ओठांवर आलं होतं.

“येऊ शकतो,” डॉक्टर म्हणाले. “आत्ता काही नाही. पण दाखवत राहायचं, आणि मिश्री बंद म्हणजे बंद.”

“बरा,” बाळाबाई म्हणाली आणि उठून हलिमांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसली. दोघींच्या गप्पा अशा रंगल्या की चहा करायला डॉक्टरांनाच आत जावं लागलं.