वालूरला न पोचलेली चार मिनिटं

सात वाजून सव्वीस मिनिटं झाली होती आणि सोजरबाईंचा नंबर अजून आला नव्हता. पडद्यावर नाशिककडच्या कुणी नर्सबाई बोलतच होत्या. बोलू देत बापड्या, पण साडेसातला मला मुंबई बंद करून दिल्ली लावायची होती. माझ्या शेजारी स्टुलाच्या अगदी काठावर ग्यानबा बसले होते. डोक्याचा पटका काढून त्यांनी मांडीवर धरला होता. पडद्यावर यायची होती ती त्यांची बायको. तिला जाऊन दीड महिना झाला होता.

थोडं मागून सांगतो, नाहीतर गोंधळ होईल.

परभणीच्या टीव्ही ट्रान्समीटरवर मी चार वर्षं काढली. एक्याण्णव-ब्याण्णवचा सुमार. लोकांना वाटायचं, आत स्टुडिओ आहे, नट-नट्या येतात, मी त्यांना चहा देतो. कप्पाळ! एक खोली, एक टॉवर, आवारात मोठी डिश आणि मी. डिश उपग्रहाकडून कार्यक्रम घ्यायची आणि आमचं शंभर वॅटचं यंत्र तो टॉवरवरून चहूकडे सोडायचं. वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत चित्र बरं दिसे. पुढे नुसत्या मुंग्या.

खोलीत दोन रिसीव्हर होते. एकावर मुंबईचा मराठी कार्यक्रम यायचा, दुसऱ्यावर दिल्लीचा. ट्रान्समीटरला एका वेळी एकच जोडता येतो. संध्याकाळी ठरावीक वेळ मुंबई, मग बरोबर साडेसातला बटण दाबून दिल्ली. याला चेंजओव्हर म्हणतात. माझ्या शिक्षणाचा, डिग्रीचा सगळा उपयोग त्या एका बटणापुरता.

मी चिपळूणचा. बायको ठाण्यात नोकरीला. तिची बदली होईना आणि माझी रद्द होईना. दुसरा एक इंजिनिअर होता, पण तो आला की मी जायचो. आमची दोस्ती म्हणजे किल्ली देणं आणि किल्ली घेणं. अख्खं परभणी शहर मी लावलेलं बघायचं आणि मला भाजीवालासुद्धा ओळखत नव्हता. लाइट गेली की तेवढा फोन यायचा, तोही शिव्या द्यायला. काही दिवस तर त्या शिव्याही बऱ्या वाटायच्या, खोटं कशाला सांगू.

अशात एका दुपारी ग्यानबा आले. साठीचे, उन्हाने रापलेले. फाटकाबाहेर चपला काढून आत आले.

"टीव्ही हितूनच निघतो का?"

"हो. का?"

"आमची मानसं हायेत त्याच्यात. कवा दाखवनार ते इचारायला आलाव."

हळूहळू सगळं कळलं. सोजरबाई वालूरच्या सुईण. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं. आरोग्य खात्याने चांगल्या सुइणी निवडल्या, त्यात त्यांचं नाव आलं, आणि दिवाळीनंतर मुंबईला नेऊन महिलांच्या कार्यक्रमात त्यांची मुलाखत घेतली. परत आल्या आणि पुढे कावीळ झाली. पौषात गेल्या. घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायची वेळ येते कधी? लग्नात. आणि लग्नात त्या नेहमी आत, बाळंतिणीपाशी.

"आन् लेकीनं न्हाई बघितलं तिला," ग्यानबा म्हणाले. "गया. दसरा झाला की ऊसतोडीला गेलती, सांगलीकडं. निरोप गेला तवर माती होऊन तिसरा दिस. तिला येकदा माय दिसली पायजे, सायब. बाकी माझं काई मागनं न्हाई."

मी साप्ताहिक वेळापत्रक काढलं. कार्यक्रम दोन आठवड्यांनी होता, साडेसहा ते साडेसात. अडचण दुसरीच. वालूर परभणीपासून पस्तीसेक किलोमीटर. आमच्या टप्प्याच्या बाहेर. ग्रामपंचायतीचा टीव्ही होता, पण त्यात चित्र कमी आणि मुंग्या जास्त.

साप्ताहिक सुट्टीला मी एरवी खोलीवर पडून छताकडे बघायचो. त्या सुट्टीला एसटीने वालूरला गेलो. शाळेच्या छपरावर दोन लोखंडी पाइप एकावर एक जोडले, वर मोठा अँटेना चढवला, बूस्टर लावला, तोंड नेमकं परभणीकडे फिरवलं. खाली सगळं गाव. "आलं, आलं! गेलं! आरं थोडं हिकडं, हिकडं!" शेवटी चित्र आलं. मुंग्या होत्या, पण माणसाचा चेहरा ओळखू येत होता. गयाबाईने जेवायला घातलं. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. तिशीची बाई, कडेवर तान्हं लेकरू. ताट वाढताना तिने एवढंच विचारलं, "माय बोलताना दिसल का, का नुसता फोटू दावतेत?"

"बोलताना. हलताना, हात करताना, सगळं."

ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. परभणीत आल्यापासून इतका चांगला दिवस माझा गेला नव्हता, हे मला परतीच्या एसटीत कळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी पाचलाच ग्यानबा ट्रान्समीटरच्या फाटकात हजर.

"अहो, तुम्ही इकडे कसे? गावात बघायचं ना सगळ्यांबरोबर!"

"गावातल्या टीव्हीचा भरवसा न्हाई, सायब. पाटाचं पानी शेवटल्या वावरात येतंच आसं न्हाई. मुळापाशी बसल्यालं बरं. गया हाय तिथं, समदं गाव हाय. येकानं तरी पक्कं बघितलं पायजे."

बाहेरच्या माणसाला खोलीत बसवायची परवानगी नव्हती. मी बसवलं. माझी कायदा मोडायची हौस तेवढ्यावर भागली.

कार्यक्रमच उशिरा सुरू झाला. तीन पाहुण्या होत्या, सोजरबाई तिसऱ्या. सव्वीस, सत्तावीस. मी आमच्या वरिष्ठांना, कामतसाहेबांना फोन लावला. ते औरंगाबादला बसायचे. लाइन लागेना. अठ्ठावीस. नर्सबाई लोहाच्या गोळ्यांवर आल्या होत्या. पुन्हा फोन. नुसती खरखर. मागच्या वर्षी चेंजओव्हरला दीड मिनिट उशीर झाला म्हणून मला मेमो मिळाला होता. तेव्हापासून मी घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा बघायचो.

आणि मग मला शहाणपण सुचलं. ट्रान्समीटरला दिल्ली जोडायची, पण खोलीतला मॉनिटर मुंबईच्या रिसीव्हरवरच ठेवायचा! नियमही मोडत नाही आणि ग्यानबांना बायको दिसते. मी स्वतःवर इतका खूश झालो की त्या क्षणी शाळेसमोर बसलेलं अख्खं वालूर माझ्या डोक्यातून गेलं. गेलं म्हणतो. खरं म्हणजे मी ते जाऊ दिलं.

साडेसातला बटण दाबलं. परभणीभर दिल्ली सुरू झाली. वालूरला पण.

अर्ध्या मिनिटाने आमच्या मॉनिटरवर निवेदिका म्हणाली, "आता आपण भेटू या परभणी जिल्ह्यातल्या सोजरबाईंना." ग्यानबा उठून उभे राहिले. त्याच वेळी दिल्लीचा आवाज खाली गेला. ट्रान्समीटरच्या मीटरचा काटा पडला, त्यावरून कळलं. मी कानाला हेडफोन लावले, पाठ वळवली आणि आवाजाची पातळी नीट करायला लागलो. मग रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, मीटरचे आकडे लिहिले, सही केली. चार मिनिटं गेली असतील. हेडफोन काढून वळलो तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.

ग्यानबांचा हात मॉनिटरच्या काचेजवळ होता, काचेला लागलेला नव्हता.

"दिसली," ते म्हणाले. मग चेहरा उजळला. "गयालाबी दिसली आसंल आं? मोप बोलली की!"

मला सांगावं लागलं. दोन रिसीव्हर, एक ट्रान्समीटर, साडेसात, बटण. तीनदा सांगितलं.

"म्हंजी हितं आलती, आन् तिकडं गेलीच न्हाई?"

"नाही."

"मंग मी येकट्यानं बघून काय करू, सायब?"

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पटका गुंडाळत राहिले. शेवटची एसटी गाठायची म्हणून निघून गेले, चहासुद्धा घेतला नाही. मी ट्रान्समीटर बंद होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. इतकं एकटं मला त्या खोलीतही आधी कधी वाटलं नव्हतं, आणि ती खोली काही जत्रा नव्हती.

दुसऱ्या दिवशी कामतसाहेबांचा फोन लागला. सगळं सांगितलं.

"चार मिनिटं?" साहेब म्हणाले. "अहो, मग थांबायचं ना! तांत्रिक अडचण म्हणून लिहून टाकायचं. कोण बघतंय?"

"मागच्या वर्षी तुम्हीच मेमो दिला होता, सर."

"तो वरून आला होता हो. तुम्ही पण ना, भलतेच सिन्सिअर!"

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. मुंबईला पत्र टाकलं, कार्यक्रम पुन्हा दाखवता येईल का म्हणून. महिन्याने उत्तर आलं. त्या टेपवर दुसरा कार्यक्रम रेकॉर्ड झाला होता. टेपा महाग, सगळीकडे पुन्हा वापरल्या जायच्या.

पण त्याआधीच, आठवड्याच्या आत, ग्यानबा परत आले. चेहरा उतरलेला.

"लोकं म्हनायलेत, म्हातारा बनवून सांगायलाय. मुंबईवाल्यांनी तिला दाखवलंच न्हाई म्हनतेत. गया तर बोलंनाच झाली. तुमी चला, सायब. तुमी व्हतात की तिथं. तुमचं ऐकतील."

मी होतो. एवढंच खरं होतं. वाटेत एसटीत सांगून टाकावं, मी काही बघितलं नाही म्हणून, असं तीनदा मनात आलं. पण ग्यानबा खिडकीपाशी बसून दर फाट्याला म्हणत होते, "बरं झालं तुमी आलात." माझी जीभ रेटेना.

शाळेच्या ओट्यावर पंधरावीस माणसं जमली. मी छाती पुढे काढून सांगितलं, सोजरबाई टीव्हीवर आल्या होत्या, चार मिनिटं बोलल्या, चूक माझ्या बटणाची आहे, ग्यानबांचा शब्द खरा आहे. लोकांनी मान डोलावली. कुणी मला शिवी दिली नाही. एक म्हातारी म्हणाली, "जाऊ द्या, सायब, तुमी मुद्दाम थोडंच केलं." माझ्यावरचं ओझं उतरल्यासारखं झालं आणि तेवढ्यात गयाबाई पुढे आली.

"सायब, माय वाळल्याली दिसत व्हती का?"

मला कळलं नाही.

"दसऱ्याला मी गेले तवा ती म्हनली, मला काई झालं न्हाई, जा तू. तवाच बिमार व्हती का ती? दिवाळीचं व्हतं ना टीव्हीतलं? तुमी बघितलं. मला तेवढंच सांगा. मी बिमार मायला टाकून गेले का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ग्यानबा खाली जमिनीकडे. त्या चार मिनिटांत माझी पाठ कुणीकडे होती, ते त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "चांगल्या ठणठणीत दिसत होत्या."

"खरं?"

"सायब काय लबाड बोलतेत व्हय?" ग्यानबा म्हणाले. "जवळ बसून बघितलं त्यांनी."

गयाबाईने पदर तोंडाला लावला आणि मोकळेपणी रडली. बायकांनी तिला धरून घरात नेलं.

फाट्यापर्यंत ग्यानबा मला सोडायला आले. एसटीचा पत्ता नव्हता. शेवटी न राहवून मीच विचारलं, "खरं सांगा. कशा दिसत होत्या?"

"वाळून गेलती, सायब. गळ्याची हाडं वर आलती. डोळे आत. घरात मी रोज तिला बघत व्हतो, मला दिसलं न्हाई. तुमच्या काचंत दिसलं."

"गयाला..."

"न्हाई सांगनार. आता तुमाला अन् मलाच ठाव. बरं झालं म्हना, तिकडं गेलं न्हाई ते." मग पटका सारखा करत, "बरं बी कसं म्हनावं."

एसटी आली. त्यांनी माझ्यासाठी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि गाडी हलेपर्यंत बाहेर उभे राहिले. पुन्हा कधी ते परभणीला आले नाहीत. मीही वालूरला गेलो नाही. जायला तोंड कुठे होतं?

पुढे नोकरीत मी बऱ्याच नव्या इंजिनिअरना शिकवलं. ते विचारायचे, चेंजओव्हर किती सेकंद इकडेतिकडे चालतो? मी सांगायचो, ते तुमचं आणि तुमच्या साहेबाचं तुम्ही बघा. पण खोलीत कुणी आपलं माणूस बघायला आला असेल, तर तेवढा वेळ रजिस्टर मिटा आणि त्याच्याबरोबर बघा. नंतर कुणीतरी विचारतं.