पहिल्या वळणापर्यंतची टेकडी

दर रविवारी टेकडीवर फिरायला जाऊनही जन्मात टेकडी न चढलेला माणूस साऱ्या वऱ्हाडात परवापरवापर्यंत एकच होता, आणि तो म्हणजे माझे थोरले साडू. अनसिंगजवळ वनखात्याने राखलेली एक टेकडी आहे. साग आहे, मोर आहेत, रोही म्हणजे नीलगायी आहेत, माथ्यापर्यंत आखलेल्या पायवाटा आहेत. साडू मोटरसायकलवर येतात, मागे माझ्या थोरल्या मेव्हणीबाई, म्हणजे आमच्या ताई, आणि ताईंच्या मांडीवर फराळाची भलीमोठी पिशवी. पहिल्याच वळणावर निंबाखाली साडू सतरंजी टाकायचे आणि आमची मोहीम तिथेच संपायची. टेकडी सरकारची असली, तरी तिच्यावर येणारे पाहुणे आपले, आणि पाहुणा उपाशी वर जाणं शोभत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. एकदा पोट कमी करायला म्हणून धावत निघालेल्या एका साहेबांना त्यांनी हाताला धरून बसवलं. "एवढे धावून कायले राह्यले? कुत्रं मागं लागलं काय? बसा, धपाटा खा." साहेब ठेच्यासकट इतके जेवले की निंबाखालीच आडवे झाले. आता ते दर रविवारी येतात, चपला घालून.

ताईंची मात्र एकच हौस होती. माथ्यावरून आपलं घर दिसतं म्हणतात, ते एकदा बघायचं. इकडे गुडघे कुरकुरत होते आणि डॉक्टरांनी चढ बंद करायला सांगितलं होतं. त्या रविवारी त्या म्हणाल्या, "आज मले वर जाचंच हाये. मंग हे गुडघे नाई नेनार."

"जाऊ ना वं! आधी दोन घास तं खा," साडू म्हणाले. तेवढ्यात मानोऱ्याकडचं एक कुटुंब वर चढताना दिसलं आणि साडूंनी त्यांना हाक मारली.

ताई उठल्या. पिशवी माझ्या खांद्यावर अडकवली, माझा हात धरला आणि चालू लागल्या. "जेवन वर हाये. ज्याले भूक असन त्यानं या!"

काय ती मिरवणूक! पुढे ताई आणि मी, मागे मानोऱ्याचं कुटुंब, त्यामागे धापा टाकणारे साहेब, आणि शेवटी सतरंजी डोक्यावर घेतलेले साडू ओरडतायत, "अवं थांब! पाव्हण्यायले ठेचा तं चाखू दे!"

माथ्यावर ताईंनी छतावरच्या निळ्या टाकीवरून घर ओळखलं. साडू बघतच राहिले. वाढायचंसुद्धा विसरले.

"एवढुसंच हाये वं आपलं घर?"

"मंग! अन् त्याच्यात तुमी आख्खा तालुका जेवाले आनता."

आता ताई निंबाखालीच बसतात आणि साडू, आमचे साडू, एकटे माथ्यावर जातात. तिथून फोन करतात, "दिसून राह्यलं वं घर. टाकी भरून वाहू राह्यली, पाण्याची मोटार चालूच राह्यली वाटते!" ताई हसतात. पिशवीला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत. पाहुणे ताटकळतात, साहेबही ताटकळतात. साडू घामाघूम होऊन उतरले की पहिला धपाटा त्यांच्या हातावर पडतो. तो संपेपर्यंत ताई त्यांना कुणालाही हाक मारू देत नाहीत, आणि खाता खाता ते माथ्यावरून काय काय दिसलं ते ताईंना सांगत राहतात.