गाण्यात उतू गेलेलं दूध

आमच्या घरात पहिलं छापील पुस्तक आलं ते माझ्या दप्तरातून. पाठ्यपुस्तकातल्या प्रत्येक कवितेखाली एक नाव असायचं. मी मोठ्यानं कविता वाचायचो, माय भाकरी थापता थापता ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "खाले ते नाव कोनं शे?"

"ज्यानी लिखं त्यानं."

"आनी जो पाठ करस, त्यानं नाव कोठे लिखतस?"

मी हसलो. तीही हसली. आज मी नवापूरला एका शाळेत मराठी शिकवतो, मुलांना कवितेखालचं नाव मोठ्यानं वाचायला लावतो. हे दिवस मायच्या निंदणीच्या मजुरीतून आले, हे मी कधी विसरत नाही. निंदणी करतानाच ती गाणी जुळवायची. कपाशीच्या ओळीच्या या टोकाला सुरू झालेलं कडवं त्या टोकाला पुरं व्हायचं.

आमच्या गल्लीत श्रावणात कानबाई बसते. नारळाला साज चढवून देवी मांडतात, नैवेद्याच्या रोटांचा स्वयंपाक होतो आणि संध्याकाळपासून बाया गायला बसतात. दरवर्षी एखादं तरी नवं गाणं हवंच. ते बहुतेक मायचं असायचं. नाव कुणी सांगत नसे, कारण सगळ्यांना ठाऊक असायचं. दुसऱ्या गल्लीत कुणी ते गायलं तर बाया म्हणायच्या, "हाई तर खालनी गल्लीनी आक्कानं शे." गाव लहान होतं, म्हणून गाण्याबरोबर नाव आपोआप चालत जायचं.

मागच्या श्रावणात तिनं कानबाई आल्याचं गाणं गायलं:

"उनी उनी कानबाई, कपाशीना वावरमा,
पिवया फूलना पदर, माय, तुन्हा खांदावर."

चाल जुनी, तिच्या आईकडून आलेली. शब्द तिचे. गाणं रंगात आलं होतं आणि मागे चुलीजवळच्या गॅसवर खिरीचं दूध वर येऊ लागलं. माझी बायको, म्हणजे घरातली मोठी सून, गाणं ऐकत दारात उभी. मायनं टाळी थांबवली नाही, सूरही सोडला नाही. त्याच चालीत तिनं ओळ फेकली:

"मोठी वहू, दूध दखजो, दूध उनं काठवर!"

बायको धावली. बाया हसून लोळल्या आणि हसता हसता त्यांनी तीच ओळ मागून उचलून धरली. माझ्या चुलत बहिणीनं हे सगळं मोबाईलवर घेतलं आणि कौतुकानं इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकलं.

होळीच्या सुमारास मी नंदुरबारच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. शेजारच्या रसवंतीच्या स्पीकरवर ढोल-ऑर्गनवर तेच गाणं लागलं. मी उठून उभा राहिलो. पहिली ओळ, दुसरी ओळ, आणि मग एक गायिका अगदी भक्तिभावानं आळवत होती, "मोठी वहू, दूध दखजो…" रसवंतीवाल्यानं मला त्याच्या मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. हिरव्या साड्या नेसलेल्या मुली तांब्याचे हंडे डोक्यावर घेऊन नाचत होत्या. खाली लिहिलं होतं: गीत, पारंपरिक.

मला आधी हसू आलं. मग बसमध्ये बसल्यावर ते हसू राहिलं नाही. घरी गेल्यावर मी मायला दाखवलं. तिनं पूर्ण पाहिलं.

"पारंपरिक म्हंजे काय रे भाऊ?"

"जुनं. कोनी करं ते कोनलेच माहीत नही असं."

"मी जित्ती शे ना आजून!" ती म्हणाली आणि दळण निवडायला बसली.

मला वाटलं, विषय संपला. पण उन्हाळ्यात नात्यातल्या एका हळदीला बायांनी मायला गाणं म्हणायचा आग्रह केला. तिनं हेच म्हटलं. संपल्यावर कळसाडीहून आलेली एक पाहुणी गोड आवाजात म्हणाली, "आक्का, मोबाईलवरनं पाठ करं का? चांगलं शे. पन दूधनी ओळ भुली गयात तुम्ही."

"ती ओळ गानामा नही," माय म्हणाली.

"काबरं नही? तीच तर खरी ओळ शे! आमनी नात तिच्यावरच नाचस."

मांडवात हशा झाला. मी पुरुषांत बसलो होतो, तिथून मायचा चेहरा दिसत होता. त्या दिवसापासून तिनं गाणं बंद केलं. निंदणीला गेली तरी गप्प. बायकोनं विचारलं तर म्हणाली, "मन्हंच गानं मी चोरी करीसन गास, असं लोक म्हनतीन. कसाले गाऊ?"

त्यानंतर बहिणीचा फोन आला. तिचा व्हिडिओ पानावरून उडाला होता. हंड्यांचा तो व्हिडिओ काढणाऱ्याच्या तक्रारीवरून, दुसऱ्याच्या हक्काचा भंग केला, असा निरोप आला होता. दुसऱ्याच्या! मी वर्गात धडा शिकवत असलो तरी डोक्यात तेच. खडू हातात घेऊन फळ्यासमोर उभा राहायचो आणि काय लिहायचं होतं तेच आठवायचं नाही.

शहाद्याला माझ्याबरोबर शिकलेला एक मित्र वकिली करतो. त्यानं सांगितलं, रचलेले शब्द रचणाऱ्याचे असतात, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. "आणि दोन गोष्टी तर पैशाच्याही पलीकडच्या. एक, तिचं नाव लागलं पाहिजे. दुसरी, तिच्या रचनेची मोडतोड करून तिची बदनामी करता येत नाही. पण शब्द तिचेच, हे दाखवायला लागेल."

"दाखवतो," मी म्हणालो. मूळ चित्रण बहिणीच्या मोबाईलमध्ये होतंच.

गाणं काढणाऱ्या माणसाचा स्टुडिओ एका किराणा दुकानाच्या माडीवर होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला, सर सर म्हणाला.

"सर, देवीचं गाणं कोणाच्या मालकीचं असतं का? आम्हाला मिळालं, आम्ही सजवलं."

"मोठी वहू म्हणजे कोण?" मी विचारलं.

तो खुर्चीत पुढे सरकला. "फार खोल अर्थ आहे सर. मोठी वहू म्हणजे धरणीमाय. दूध म्हणजे कपाशीचं पांढरं बोंड. काठावर आलं, म्हणजे पीक तयार झालं. म्हणून तर हंडे घेतले आम्ही."

मी बहिणीचं चित्रण लावलं. गाणं, टाळ्या, ती ओळ, बायकोची धावपळ, भांडं आपटल्याचा आवाज आणि बायांचं हसणं. "ही धरणीमाय," मी म्हणालो. "माझी बायको. हे दूध खिरीचं होतं."

रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसलेला त्याचा जोडीदार इतका हसला की चहा सांडला. तो माणूस मात्र हसला नाही. त्यानं तक्रार मागे घेतली, बहिणीचा व्हिडिओ परत आला. पारंपरिक हा शब्द काढून त्यानं मायचं नाव टाकलं, पण व्हिडिओखाली खूप आत, जिथे कुणी बोट नेत नाही. ओळ काढायला तयार झाला नाही. "लोकांना तीच आवडते सर. आता ती काढली तर लोक म्हणतील गाणं बिघडवलं." मी लेखी नोटीस पाठवायचं मित्राला सांगून आलो.

मायला सारं सांगितलं. नाव बघून तिनं मान हलवली. "नाव लागनं, बरं झायं. पन ती ओळ?"

"काढत नही अजून."

"मंग मन्हं नाव त्या दूधवर लागनं, गानावर नही."

मी मित्राला फोन लावला, नोटीस गेली का ते विचारलं.

या श्रावणात कानबाई बसली. बाया जमल्या. माय देवीसमोर बसली, पण गाणार की नाही, हे विचारायचा धीर कुणाला होत नव्हता. शेवटी तिनंच मागे वळून हाक मारली, "मोठी वहू, आधी गॅस बंद कर व!" सगळ्यांना हसू फुटलं. मग तिनं माझ्या बहिणीकडे पाहिलं. "मोबाईल चालू शे ना? मंग आयका." तिनं स्वतःचं नाव सांगितलं, माहेरचं गाव सांगितलं, आणि म्हणाली, "हाई गानं मन्हं करेल शे." आयुष्यात पहिल्यांदा तिनं गाण्याआधी आपलं नाव घेतलं असेल. मग सुरू केलं.

दुसरी ओळ संपली तेव्हा मागच्या लहान मुलींनी, मनात काही नसताना, सवयीनं पुढची ओळ उचलली, "मोठी वहू, दूध दखजो…"

माय थांबली. मुलीही गडबडून थांबल्या. मी दाराशी उभा होतो. किती घरांत आज हीच ओळ चालली असेल, हे माझ्या मनात येऊन गेलं.

"नही व बेटा," माय म्हणाली, "ती ओळ गानामा नही." तिनं परत टाळी धरली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.