चौक लिहिणारी धोंडीबाई

सूर्यमाळच्या पाड्यांत लग्न ठरलं की पहिला निरोप धोंडीबाईला जायचा. गेरूने लाल केलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहावा तर तिनेच, असं चाळीस वर्षं चाललं. मग नवरा वारला आणि निरोप बंद झाले. चौक सवासिणीनेच लिहायचा, अशी रीत. हात तोच, बोटं तीच, आणि बाई मात्र अचानक अशुभ! डोकं फिरेल नाही तर काय?

यंदा पुतणीचं, हर्षदाचं लग्न निघालं. पोरगी हटूनच बसली, "चौक काकीच लिहील." तिचा बाप नवसू म्हणजे धोंडीबाईचा दीर. पाड्यात त्याचा शब्द चाले. तो नाही म्हणाला.

बैठक बसली. धोंडीबाई मोखाड्याच्या महिला शिबिराला जाऊन आली होती. तिथे वकीलबाईंनी सांगितलेलं तिने जसंच्या तसं ऐकवलं, "जगातल्या देशांनी मिळून करार केलाय. बाईला कमी लेखणारी रीत बदलायची. आपल्या देशाची सही हाय त्याच्यावर."

नवसूही काही कमी नव्हता. आदिवासी हक्कांचे मोर्चे त्याने पायी केले होते.

"वयनी, त्याच जगानं आपली संस्कृती जपायचा हक्कबी दिलाय आपल्याला. भायेरच्यांनी त्यात हात घालायचा नाय."

माणसांनी माना डोलावल्या.  धोंडीबाई मात्र उठून गेली नाही.

"आपली म्हंजे कोणाची रं, नवसू? रेघा मी वढल्या. पाड्यातल्या पोरींना मी शिकवल्या. तू कधी पिठात बोट तरी बुडवलंस? हक्क तुझा, आन् जपणारी मी भायेरची?"

 लग्न लावणारी धवलेरी, म्हातारी काशी, इतका वेळ कोपऱ्यात विडी ओढत होती. ती म्हणाली, "धोंडी लिहील तरच मी गाईन. आन् मी गायल्याबिगर लगीन लागत नाय. हीबी रीतच हाय ना?"

बैठक तिथेच आटोपली.

लग्नाआधी नवसूने स्वतः पिठाची वाटी आणून भावजयीपुढे ठेवली. "लिही, वयनी."  काशीने गाणं उचललं. पहिली रेघ ओढताना धोंडीबाईचे डोळे भरून आले, रेघ मात्र तसूभरही हलली नाही.

दाराबाहेर पाड्यातल्या दोन विधवा उभ्या होत्या, आत यायला बिचकत. धोंडीबाईने मान वळवली.

"बघताय काय? या, बोटं बुडवा. भिंत मोठी हाय."

नवसू सरकला आणि त्याने दोघींना वाट करून दिली.