भरमाअण्णाच्या चार मोटरी

संकेश्वराच्या रस्त्याकडंला भरमाअण्णाचं पत्र्याचं शेड हाय. विहिरीतल्या जळक्या मोटरी खोलायच्या, तांब्याची तार नवी गुंडाळायची, ह्योच त्याचा पंचवीस वर्सांचा धंदा. मोटर चालू केली की स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला, मूठ कानामागच्या हाडाला, आनि डोळं मिटून सांगायचा, "बेरिंग गेलंय." कदी चुकला न्हाय.

मागच्या उन्हाळ्यात चुकला. एकाची मोटर "बरी हाय" म्हनून दिली, ती आट दिसात जळाली. तवा त्याला कळलं, आपलं कान गेलं. बायकोबिगार कुनाला बोलला न्हाय, गप तार गुंडाळायचं मशीनच विकायला काडलं. अनगोळचा शामू त्याच्याच हाताखाली शिकलेला. त्यो म्हनला, "आण्णा, मशीन न्यायला फुडल्या म्हयन्यात पयल्या ऐतवारी टेम्पो घिऊन येतो."

आनि त्याच दिसात अण्णाला सपान पडाय लागलं. दुपारी जरा डोळा लागला की दिसायचं, जन्मभर विहिरीत सोडलेल्या समद्या मोटरी एकेक करून वर यायल्यात, पानी निथळतंय, आनि उसाच्या तुऱ्यांवरनं सावकाश तरंगत चालल्यात. उठला की बराच येळ आबाळाकडं बगत बसायचा.

मग मोबाईलवर बगून बगून त्यानं ड्रोन जोडला. चार काड्या, चार बारक्या मोटरी, लिंबाएवढ्या. त्याचा रिमोट जुना, कुनीतरी वापरलेला.

"जन्मभर मोटरी खालीच सोडल्या, नागू," बायकोला म्हनला. "ह्या चार माझ्या हातनं सरळ वर गेल्या, तर मशीन ऱ्हायलं. न्हाय गेल्या, तर शामूला देऊन टाकायचं."

"आनि तुमी काय करनार मग?" नागुबाईनं इचारलं.

ऐतवार उजाडला. परत्येक मोटरीला एक बारकी पट्टी असती, स्पीड कंट्रोलर. तिला आदी शिकवाय लागतं, दांडी कितीवर म्हंजे भरधाव आनि कितीवर म्हंजे बंद. पंखं काडून ठेवायचं, रिमोटची दांडी पार वर न्यायची, बॅटरी जोडायची. मोटर दोनदा चिवचिवती. मग दांडी खाली. एकदा लांब चिवचिवली, की शिकली.

अण्णाला चिवचिव ऐकूच येईना. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरीला, मूठ कानामागच्या हाडाला लावली, काय न्हाय. मग त्यानं स्क्रू ड्रायव्हरची मूठ दातात धरली.

"मोटरीचा मुका घेताय व्हय?" नागुबाई हसली.

पन अण्णाचं डोळं मिटलं हुतं. दातातनं डोक्यात बारीक, ग्वाड कायतरी सरकलं, दूर कुटं पाखरू बोलावं तसं. दोनदा. मग एक लांब.

एक झाली, फडक्यानं रिमोट-बिमोट समदं पुसलं, दुसरी घेतली. ती झाली, पुसलं, तिसरी. चौथी. मग पंखं बसवून ड्रोन शेडापुढच्या खळ्यात ठेवला आनि दांडी हळूच वर केली. एक मोटर सुटली, मग दुसरी, पयली शिकवलेली तर सगळ्यात मागनं. ड्रोन एका अंगाला कलंडला आनि कडब्यात जाऊन पडला.

अण्णानं कडब्यातनं ड्रोन उचलला. "दातानं बी खोटं सांगितलं, नागू. दे फोन, शामूला सांगतो लवकर ये."

नागुबाई फोन देईना. रिमोट हातात घिऊन बगत हुती. "अवो, ही दांडीजवळची बारकी कडी मगाशी मदी हुती की. आता तळाला हाय. तुमी फडकं मारलं की सरकती ती, मी बगितलंय."

अण्णानं बगितलं. खरंच की! फडकं मारलं की कडी केसभर खाली, आनि दांडीचं माप बारीक कमीजास्त करायची कडी ती, हलली की "बंद" म्हंजे किती तेच बदलतंय. चौगींना चार येगळं शिकवलं हुतं. एक मोटर झाली की पुसायची, मगच दुसरीला हात. पंचवीस वर्सांची सवय.

"म्हंजे दात खरं बोलत हुतं!" अण्णा म्हनला.

"फडकं हिकडं द्या," नागुबाई म्हनली आनि त्यावर बसली.

कडी मदी केली, पंखं काडलं, परत चौगींना शिकवलं. परत त्योच सूर दातातनं आला, चारीचा सारका. पंखं बसवून अण्णानं दांडी वर केली. चारी एकदम सुटल्या. ड्रोन खळ्यातनं उटला, पत्र्याच्या वर गेला, आनि उनात चतुरावानी एका जागी थरथरत ऱ्हायला. खाली त्याची सावली सुदिक हलंना.

शामूचा टेम्पो कवा आला कळलंच न्हाय. त्यो बी वर तोंड करून हुबा. मग म्हनला, "आण्णा, मशीन कुटं हाय?"

"शेडात. देत न्हाय मी."

"मग मी रिकामाच जाऊ व्हय?"

"च्या पिऊन जा," नागुबाई म्हनली, पन उटली न्हाय. तीबी वरच बगत हुती.

बॅटरी संपत आली हुती, खाली आनाय पायजे हुतं. अण्णाचं मन हुईना. "जरा थांब," कुनाला म्हनला कोन जाने, आनि दांडी अगदी हळू, अगदी हळू खाली घेत गेला.