सातव्या महिन्यातलं ग्रहण

माणूस चंद्रावर गेला यावर आमच्या ह्यांचा विश्वास नाही. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं नोकरी केली, पण निवृत्त झाल्यापासून मोबाइलवर येईल ते खरं. "अगं, गेले असते तर पुन्हा का नाही उतरले? पन्नास वर्षं उलटून गेली!" हा त्यांचा हुकमी एक्का. मी म्हणते, शर्यत जिंकली, हौस फिटली, सरकारने हात आखडता घेतला, म्हणून थांबले. मी बी.एस्सी.ची दोन वर्षं कॉलेजात गेले, लग्नानंतर तिथे पाऊल टाकलं नाही. म्हणून मी गेलेच नव्हते का? यावर ते पेपर उघडतात. आपलं यान चंद्रावर उतरलं तेव्हा मात्र अख्ख्या मजल्यावर पेढे ह्यांनीच वाटले.

गेल्या धुळवडीला संध्याकाळी चंद्रग्रहण होतं आणि सून पाचव्या महिन्यात होती. सकाळीच बिल्डिंगच्या ग्रुपवर यादी आली. वेध लागलेत, गर्भवतीने खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही, एका जागी बसून राहायचं. ह्यांनी दुधावर तुळशीचं पान ठेवलं. खाली पोरं रंग उधळत होती आणि बँकेत नोकरी करणारी ही मुलगी पडदे ओढून भिंतीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी तिला दर दोन-तीन तासांनी खायला सांगितलं होतं. चारच्या सुमाराला उठायला गेली आणि तिला भोवळ आली.

मी धावत लिंबाचं सरबत नेलं. म्हटलं, "अगं, ग्रहण म्हणजे नुसती पृथ्वीची सावली. आपल्याकडे चंद्र उगवेपर्यंत ती ओसरतही आलेली असेल. पाच मिनिटांच्या सावलीसाठी दिवसभर उपाशी?"

"मला पण कळतं हो आई," ती म्हणाली. "पण उगाच रिस्क कशाला? तुमच्या वेळेला झालेलं ना तसं?"

आणि तिने बाहेरच्या खोलीत बसलेल्या माझ्या मुलाकडे पाहिलं. तो मिशीतला रंग पुसत होता. त्या मिशीखाली एक व्रण आहे.

मुलगा जन्मला तो वरचा ओठ फाटलेला घेऊन. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ग्रहणात काय कापलंस?" काहीच नाही. तेव्हा आम्ही दिवा स्टेशनजवळ एका खोलीत राहायचो. ग्रहण आलं तेव्हा मला सातवा होता. दिवसभर चटईवर पाय लांब करून बसले होते, सासूबाईंच्या नजरेसमोर. विळी त्यांनी आदल्या दिवशीच माळ्यावर ठेवायला लावली होती. तरी सासूबाई, नणंद, शेजारणी, जी येईल ती "आठव, आठव" म्हणायची. बाराव्या दिवशी मी थकले. म्हटलं, "सुतळी तोडली असेन." सगळ्यांचे चेहरे सैल झाले, सासूबाईंनी डोक्यावरून हातसुद्धा फिरवला. ऑपरेशन करणारे डॉक्टर पुढे म्हणाले की ओठ तिसऱ्या महिन्याच्या आत जुळायचे ते जुळतात, सातव्यातल्या ग्रहणाचा काय संबंध? ते मी घरी सांगितलंच नाही. घरात पुढे जी कुणी गरोदर राहिली तिला माझी सुतळी ऐकवून बसवलं गेलं, आणि आता तीच सुतळी माझ्या सुनेला उपाशी मारत होती. मला स्वतःचीच चीड आली.

बाहेर येऊन मी ह्यांना म्हटलं, "मी सुतळी तोडली नव्हती. काहीच तोडलं नव्हतं, कापलं नव्हतं. विळी माळ्यावर ठेवायला स्टुलावर तुम्हीच चढला होता, आठवतंय?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?" हे म्हणाले.

"बारा दिवस तेच बोलत होते. कुणी ऐकलं?"

मुलाचा हात थांबला. "म्हणजे तू सगळं पाळलेलंस?"

"सगळं. पाण्याचा थेंबही घेतला नव्हता."

तो म्हणाला, "मग मी सात वर्षांचा असताना, दुसऱ्या ऑपरेशनला नेताना, तू मला सॉरी का म्हणालेलीस?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि त्याची लाज वाटत होती. तोपर्यंत ती सुतळी मलाही खरी वाटायला लागली होती.

"आता सॉरी नाही म्हणणार," मी म्हटलं आणि विळी काढून खोलीच्या मध्यभागी मांडली.

"ग्रहण सुटू दे तरी," हे पुटपुटले.

"माणूस चंद्रावर जाऊ शकत नाही म्हणता, आणि चंद्र मात्र आपल्या घरात शिरून नातवंडाचा ओठ फाडेल म्हणता!"

त्यांनी पेपर शोधला, पण तो मुलाने रंग पुसायला घेतला होता. मी काकडी चिरायला घेतली. सून दारात येऊन उभी राहिली, माझ्या हाताकडे बघत. मग माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "सरका आई, मी चिरते."